हाकेला आलेला समुद्र

आंबेबंदरच्या खाडीत तरंगणाऱ्या प्रयोगशाळेत डॉ. सुलक्षणा कुबल सकाळपासून एकच आकडा तपासत होती. तिची खुली मत्स्यशेती तशी साधी होती. पिंजरा नाही, जाळं नाही. बोय माशांच्या पिल्लांना हाकयंत्रातून खर्जातला, पाण्यात दूरवर जाणारा एक ध्वनी ऐकवायचा आणि लगेच खाद्य टाकायचं. मोठी झाली की ती समुद्रात सोडायची. हाक दिली की परत येतात. वर्षापूर्वी तिने सहा हजार मासे सोडले होते. कालच्या चाचणीत, हलक्या आवाजालाही, अकरा हजार आले होते.

"यंत्र चुकत नाहीये, मॅडम," ध्वनितज्ज्ञ इब्राहिम मुकादम म्हणाला. "निम्मे आपले नाहीतच. त्यांत बांगडेसुद्धा आहेत."

"त्यांना हाक कुणी शिकवली?"

"आपल्याच माशांनी. एक वळला की शेजारचा वळतो, त्याला खाद्य मिळतं, ते त्याच्या लक्षात राहतं. तो दुसऱ्या झुंडीत गेला की तीही शिकते."

दुपारी जेट्टीवर या शेतीच्या कायम परवान्यासाठी जनसुनावणी होती. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन काशीराम तांडेल, म्हणजे गावाचे काशीमामा, तीन वर्षं विरोधात उभे होते. दर्या ही कुणाची वाडी नाही, आणि शेतीतले मासे सुटले तर दर्यातले बिघडतील, असं त्यांचं म्हणणं. गाव त्यांच्या मागे होतं. अधिकाऱ्यांनी प्रात्यक्षिक मागितलं, तेव्हा इब्राहिमने प्रथमच पूर्ण आवाजात हाक दिली.

दोन तास काहीच झालं नाही. मग दूरवरचं पाणी काळवंडलं आणि तो काळोख खाडीकडे सरकू लागला. बोय आले, बांगडे आले, तारल्या आल्या, मागोमाग शिंगाळे. माशांच्या पाठी एकमेकींवर घासून सळसळत होत्या. शेवटी बसएवढी, ठिपक्याठिपक्यांची एक मुशी, म्हणजे शार्क, जेट्टीला लागून सावकाश गेली. काशीमामांनी टोपी काढून हातात धरली.

परवान्यासाठी मतं मागितली तेव्हा सगळे हात वर गेले. काशीमामांचाही.

सुलक्षणाने या क्षणाची तीन वर्षं वाट पाहिली होती. तिने पाण्यातले मासे दाखवणाऱ्या इब्राहिमच्या पडद्याकडे पाहिलं. खाडीबाहेरचा वीस किलोमीटर समुद्र रिकामा होता.

"हात खाली घ्या," ती म्हणाली. "ही हाक म्हणजे नुसता आवाज आहे. उद्या एखाद्या जहाजाने असाच आवाज पाण्यात सोडला, तर एका सकाळीत सगळा किनारा उपसून नेईल."

"मग यंत्र बंद करा," काशीमामा म्हणाले.

"तेवढ्याने भागणार नाही, मामा. मासे शिकलेत. आता रोज हाक द्यायची आणि खाद्य द्यायचं नाही. विसरायलाही ते एकमेकांकडूनच शिकतील. पण तोवर खाडीत एकही जाळं पडता कामा नये."

काशीमामांनी त्या भरल्या पाण्याकडे एकदा पाहिलं आणि टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"नाही पडणार," ते म्हणाले.

दोन महिने गावाच्या होड्या खाडीच्या तोंडाशी पहाऱ्याला होत्या. रोज हाक जाई, रोज मासे थोडे कमी येत. त्रेसष्टाव्या सकाळी सगळं गाव जेट्टीवर जमलं. हाक गेली. दुपारपर्यंत पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही. पडद्यावर बाहेरचा समुद्र मात्र गच्च भरलेला होता, आणि त्यातली एकही झुंड खाडीकडे वळत नव्हती. इब्राहिमने पडदा लोकांकडे फिरवला. म्हाताऱ्या बायका पुढे आल्या, पोरांना खांद्यावर घेतलं गेलं, आणि सगळे तो न वळणारा समुद्र बघत राहिले.