चाळीस दर्शना

"दर्शना जाधव तुम्हीच ना?"

मी मान वर केली. समोर सिस्टीमवाला संदेश, हातात कागद, केसांतून पावसाचं पाणी ओघळतंय. नवीन लागल्यापासून पंधरा दिवसांत हा माणूस माझ्याशी धड बोलला नव्हता. आणि आता...

"काल तुम्ही वधूवर सूचक साइट एकशे बारा वेळा उघडायचा प्रयत्न केलात," तो कुजबुजला. इतक्या हळू, की पलीकडच्या गंगाताईंना स्वच्छ ऐकू गेलं.

"एवढी घाई होती तर सांगायचंस गो!" त्या फिसकन हसल्या.

मला हसू आलं नाही. मुंबईतल्या हॉस्पिटलांचे विम्याचे कागद आम्ही रत्नागिरीत बसून तपासतो. पेशंटची माहिती इथे राहू नये म्हणून आमचे डेस्कटॉप दूर क्लाउडवर असतात, आमच्यापुढे नुसता पडदा. त्यांवर संदेशनं फिल्टर बसवला होता. कोण कुठली साइट मागतंय ते तो टिपतो आणि नको ती अडवतो. टिपलेला अहवाल रेणुका मॅडमकडे गेला होता, आणि शुक्रवारी त्याच मॅडम माझी नोकरी कायम करायची की नाही ते ठरवणार होत्या.

"काल मी रजेवर होते," मी फणकारले. "लांज्याला, घरी. आईला डॉक्टरकडे नेलं होतं. हजेरी बघा!"

त्याचा चेहरा उतरला. कागदाकडे, मग माझ्याकडे पाहतच राहिला. डोळे मात्र छान होते मेल्याचे. रागातही ते दिसलंच मला.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "फिल्टर मी आधी तुमच्या डेस्कटॉपवर बसवला. मग त्याच्याच नकला काढून सगळ्यांना दिल्या. नकलेबरोबर तुमची ओळखही गेली. फिल्टरच्या लेखी इथली चाळीसही माणसं दर्शनाच आहेत."

म्हणजे अख्खं ऑफिस स्थळं शोधत होतं आणि लग्नाला उतावीळ मी ठरले! गंगाताईंना एकाएकी फार काम आठवलं.

"अहवाल गुपचूप काढून टाकता येईल," तो पुटपुटला. "पण मॅडमनी वाचलाय. तुमच्याबद्दल त्यांच्या मनात राहीलच..."

आणि तो सरळ केबिनमध्ये शिरला. मीही मागोमाग.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "नकला काढायला बिननावाचा रिकामा डेस्कटॉप ठेवलाय ना आपण? नियमच आहे तो. मग हिचा कशाला घेतलास?"

संदेश हातातल्या कागदाची घडी घालू लागला. बाहेर सर कोसळत होती.

"विचारतेय मी. तीन महिन्यांच्या बोलीवर आहेस तू, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, मॅडम. काम माझ्या जागेवरूनही झालं असतं. पण यांचा डेस्कटॉप म्हटला की... दोन तास यांच्या शेजारी बसायला मिळणार होतं. बसलो. एक शब्द बोलता आला नाही."

माझे कान तापले. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"रविवारी येऊन चाळीसही डेस्कटॉप पुन्हा करायचे. एकट्यानं. दर्शना, तुझं कायम झाल्याचं पत्र शुक्रवारी घेऊन जा."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "दुसरं काहीही कारण सांगून सुटला असतात की!"

"तुमच्यासमोर खोटं नाही बोलवलं."

हा मला आवडला होता. मग उगाच आढेवेढे कशाला घेऊ?

"रविवारी लांज्याहून सकाळच्या एसटीनं येते मी."

"पण... मॅडम एकट्यानं म्हणाल्यात."

"काम एकट्यानंच करा," मी म्हटलं. "मी नुसती शेजारी बसेन."