मिस वेणूची तबकडी

कंदिलाची वात जरा खाली करा आणि असे जवळ या. अंबरनाथला आमच्या शेजारच्या खोलीत कमळाकर राहायचा. कारखान्यात नकाशे काढायचा. चार शब्द बोलायचा, पण खरे. म्हणून त्याची गोष्ट सांगतोय.

त्याला नाद एकच, ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांचा. सुट्टी आली की सायकल काढायचा आणि उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये जायचा. तिथं बराकीच्या टोकाला परसराम नावाच्या सिंध्याचं दुकान होतं. फाळणीत घरदार मागे टाकून आलेला माणूस, पण तबकड्यांच्या दोन पेट्या काही त्यानं सोडल्या नव्हत्या. त्यांच्यावरच दुकान उभं केलं.

दुकानात उकिडवं बसून गठ्ठे उपसायचे. लाखेचा वास नाकात भरायचा, बोटं काळी व्हायची, आणि एखादं नामी लेबल वर आलं की कमळाकरच्या छातीत धडधडायचं. सुख ते तेवढंच. बाकी सगळा मनस्ताप. पाकिटावर एक नाव, आत तबकडी दुसरीच. हवी ती मिळावी, तर कडेला तडा. वाजवून दाखवा म्हटलं की परसराम म्हणणार, पिन झिजते. पुन्हा विचारलं की अंगावर यायचा. एकदा तर त्यानं कमळाकरच्या हातातला गठ्ठा हिसकावून घेतला होता. तरी हा जायचाच.

कारण त्याला एक तबकडी हवी होती. त्याची मोठी बहीण वेणू फार गोड गायची. वीस वर्षांपूर्वी घरी न सांगता ती गाण्याच्या मास्तरांबरोबर मुंबईला गेली आणि एक गाणं तबकडीवर गाऊन आली. तबकडी हातात आली तेव्हा तिनं ती कणगीमागे लपवली. नऊ वर्षांच्या कमळाकरनं ते वडिलांना जाऊन सांगितलं. वडिलांनी तबकडी चुलीत घातली. वेणूचं गाणं बंद, मास्तर बंद, दाराबाहेर पाऊल बंद. त्याच पावसाळ्यात ती तापानं गेली. आपली चुगली कुणी केली, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. कमळाकरनंही पुढे ते कुणाला सांगितलं नाही. बायकोला, सुनंदालासुद्धा नाही. त्याला फक्त तो आवाज एकदा ऐकायचा होता.

साल १९५४. डिसेंबरची पंचवीस तारीख, शनिवार, नाताळची सुट्टी. मार्गशीर्षातली अमावास्या. सुनंदा माहेरी, वांगणीला गेलेली. दिवेलागणीला परसराम उठा उठा म्हणून करवादत असताना, सगळ्यात खालच्या गठ्ठ्यात, कमळाकरच्या हाताला एक बिनपाकिटाची तबकडी लागली. लेबलावर नाव होतं, मिस वेणू.

परसरामनं ती दिव्याशी धरली आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, ही माझी नाही. इथली एकूण एक तबकडी माझ्या हाताखालून गेलेली आहे, त्यात मराठी एकही नाही. कमळाकरनं पैसे पुढे केले, तर त्यानं हात मागे घेतला.

"ले जाओ," तो म्हणाला. "और वापस मत लाना."

कमळाकर पायरी उतरतोय तोवर मागे फळ्या लागल्या.

आठ वाजता तो घरी आला. जेवला नाही. दाराला कडी घातली, फोनोला चावी दिली, नवी पिन लावली. खरखर झाली, आणि वेणू गायला लागली. तोच आवाज. तीच वरच्या सुरावरची किंचित थरथर. कमळाकर लहान मुलासारखा रडला.

गाणं संपलं. पिन आतल्या रेघांवर फिरत राहिली.

मग कुणीतरी श्वास घेतला.

"कमू..."

या नावानं त्याला एकटी वेणूच हाक मारायची.

"बाबांना कुणी सांगितलं?"

पिन उचलायला त्याचा हात उठेना. फोनोची चावी संपत आली. तबकडी मंदावली. आवाज मंदावला नाही.

तबकडी थांबली.

"कमू... बाबांना कुणी सांगितलं?"

आता तो आवाज फोनोतून येत नव्हता. त्याच्या मानेमागून येत होता. अगदी जवळून. थंड.

त्यानं मागे पाहिलं नाही.

"मी..." तो कसाबसा पुटपुटला.

तो गारवा मानेवरून कानापाशी आला.

मग... "मोठ्यानं सांग."

आम्ही ऐकलं ते त्याचं ओरडणं. मी सांगितलं, मी सांगितलं... थांबेचना. मी आणि पलीकडचा आनंदा, दोघांनी खांदा लावून कडी तोडली. कमळाकर भिंतीकडे तोंड करून उभा होता. ओरडून ओरडून आवाज बसला होता, तरी ओठ हलत होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

उजाडल्यावर त्यानं मला सगळं सांगितलं, कुजबुजत. मग ती तबकडी माझ्या हातात दिली. मी दारात, उन्हात धरून पाहिली. कडेपासून आतपर्यंत गुळगुळीत, पाटीसारखी. एक रेघ नाही. बोट फिरवलं, तरी काही लागेना.

फक्त अगदी आत, लेबलाला लागून, जिथं गाणं संपल्यावर ती हाक आली होती तिथं, बोटभर रुंदीच्या रेघा तेवढ्या शिल्लक होत्या.