आतून न पुसलेली बासरी

हिंदुराव पहिल्यांदा अकबरभाईंच्या वर्कशॉपमध्ये आले ते एका पाइपला भोकं पाडून घ्यायला. चिखलीतल्या त्या गल्लीत दिवसभर हेच चालतं. कुणी भोक पाडून घेतो, कुणी पाडलेलं बुजवून घेतो. त्यामुळे कुणी मान वर करून बघितलंही नाही. पण हे गृहस्थ नळाचा साधा प्लॅस्टिकचा पाइप घेऊन आले होते. त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, चार पुढे आणि एक मागे, आणि भोकं केसभरही इकडेतिकडे होता कामा नयेत असा त्यांचा हट्ट होता. अकबरभाईंनी किचकट काम नेहमीप्रमाणे भाच्याकडे ढकललं. भाचा म्हणजे अजिम.

अजिमने भोकं पाडली, कडा घासल्या आणि सवयीने एअर गन उचलून पाइपमधून हवेचा झोत मारला. त्या वर्कशॉपचा तो नियमच होता. जॉब तयार झाला की हवा मारायची, आतला कीस, धूळ, तेल उडवायचं, मगच माल गिऱ्हाइकाच्या हातात. अकबरभाई रिकाम्या चहाच्या ग्लासालाही हवा मारतात, असं पोरं त्यांच्या माघारी म्हणत. हिंदुराव मात्र ते बघून खूश झाले. चाकणच्या एका कंपनीत ते मेंटेनन्सला होते, आणि पोरांच्या हाताला हीच सवय लावण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

मग त्यांनी पाइपची तिरकी कापलेली कड ओठांखाली टेकवली आणि फुंकलं. लेथ चालू होती, शेजारच्या गाळ्यात ग्राइंडर ओरडत होता, तरी तो सूर सगळ्यांना ऐकू आला. खोल आणि जरा खरखरीत. अर्धा सूर, अर्धा नुसता श्वास. ही जपानी बासरी, शाकुहाची, असं त्यांनी सांगितलं. कंपनीने ट्रेनिंगला तिकडे पाठवलं होतं, तेव्हा म्हाताऱ्या घरमालकाकडून शिकून आले होते. खरी बांबूची असते. नवशिक्यांसाठी हा पाइप.

अजिमने पाइप मागून घेतला आणि फुंकला. नुसतं फुस्स झालं. पोरं हसली. साथीच्या वर्षात अजिमची फुप्फुसं धरली होती, आणि तेव्हापासून त्याचा दम तोकडाच पडायचा. घरी बायको, सादिका, त्याला पाण्याची बादलीसुद्धा उचलू द्यायची नाही. तिशीतल्या माणसाला ही गोष्ट आतून खाते. हिंदुरावांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "गुरुवारी सुट्टी असते न्हवं? ये मग घरी. फुंकायला शिकलास की श्वास आपसूक लांबतोय."

हिंदुराव पुनावळ्याला, हायवेजवळच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे. लिफ्ट होती, अजिम लिफ्टनेच जायचा. खोलीत सतरंजी अंथरलेली असायची. गुरू आणि शिष्य समोरासमोर बसून एकच सूर एकाच वेळी फुंकतात, अशी त्या वाद्याची शिकवण्याची रीत. पहिला सूर 'रो'. सगळी भोकं बंद करायची आणि पोटातून फुंकायचं. सुरुवातीचे कित्येक गुरुवार अजिमचा रो आलाच नाही. समोरून म्हाताऱ्याचा सूर यायचा आणि इकडून हवा. पण हिंदुराव कधी चिडले नाहीत. सूर झाला की चहा करायचे, चहा झाला की पुन्हा सूर.

भिंतीवर त्यांच्या बायकोचा, कौशल्याबाईंचा फोटो होता. बाई जाऊन बरेच दिवस झाले होते, तरी फोटोला हार नव्हता. फोटोखालच्या फळीवर कापडी पिशवीत एक बांबूची बासरी उभी असायची. ती बाईंची. नवऱ्याकडूनच शिकल्या आणि नवऱ्यापेक्षा सरस वाजवायला लागल्या, हे हिंदुराव अभिमानाने सांगायचे. बाई ठेंगण्या, आणि लिफ्टला घाबरायच्या. दम्याचा त्रास असूनही जिना चढून यायच्या, तोंडात ओवा चघळत, आणि दुसऱ्या मजल्यावर भिंतीला हात टेकवून थांबायच्या. तिथे भिंतीवर तेलकट डाग पडला होता.

एका गुरुवारी अजिमला तो दुसरा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. हिंदुरावांचा सूर संपला, ओठ मिटले, आणि त्यानंतरही खोलीत तोच सूर क्षणभर राहिला. हलका. कुणीतरी शेजारी बसून शेवट जरा लांबवावा तसा. आवाज फळीकडून आला होता. अजिमने मान वळवली, तर हिंदुराव खाली बघून हसत होते.

"ऐकलंस व्हय?" त्यांनी हळूच विचारलं. "माझी बासरी मी रोज दोरीला फडकं बांधून आतून पुसतो. पुसायलाच लागते, न्हाईतर बुरशी धरते. हिची मात्र न्हाई पुसली... दवाखान्यात जायच्या आधी फुंकली होती तिनं. तो श्वास हाय आत. तेवढाच राहिलाय."

वर्कशॉपमध्ये एका मशीनच्या घरघरीने दुसऱ्याचं टेबल थरथरतं, तसंच हे, असं अजिमने स्वतःला समजावलं. तरी त्या दिवशी तो फोटोकडे पाठ करून बसला नाही.

पुढे अजिमचा रो आला. आधी काठावरचा, मग भरलेला. त्याच सुमारास सोसायटीने इमारतीला रंग द्यायला काढला, आणि हिंदुरावांनीही लगे हाथ घर रंगवायला दिलं. जिन्यातला तो डाग तेवढा रंगाऱ्यांना सोडायला लावला. लोक हसले, पण सोडला. रंगाच्या वासात बांबू ठेवायचा नाही म्हणून त्यांनी बाईंची बासरी अजिमच्या हातात दिली. पुढच्या गुरुवारी घेऊन ये, उघडू नको, एवढंच सांगितलं. अजिमला त्या विश्वासाचं फार अप्रूप वाटलं. आणि पुढचं सगळं झालं ते त्या अप्रुपापायीच.

परत द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, त्याने वर्कशॉपमध्ये पिशवी उघडली. नीट तर आहे ना, एवढंच त्याला बघायचं होतं. बांबू देखणा होता, मुळाकडचं टोक गाठीगाठींचं. त्याने तो उजेडाकडे धरून आत बघितलं. आत पांढरी बुरशी धरली होती, आणि धुळीचा एक तंतू आडवा लोंबत होता. म्हाताऱ्याला आताशा दिसत नाही, अजिमला वाटलं. अशी खराब बासरी परत कशी द्यायची? पुढे त्याने काही ठरवलं नाही; आतल्या श्वासाची ती गोष्ट त्या क्षणी त्याला आठवलीही नाही. डावीकडे हुकावर एअर गन लटकत होती आणि डोळे मिटूनही त्याचा हात तिथे गेला असता. त्याने गन बासरीच्या खालच्या टोकाला लावली आणि खटका दाबला.

सूर निघाला. रो. कंप्रेसरची धडधड, लेथचा आवाज, सगळ्यांच्या वर तो सूर उठला आणि वाढतच गेला. अजिमने खटका सोडला, तरी तो थांबला नाही. बासरीचं वरचं टोक त्याच्या तोंडासमोर होतं. उबदार, दमट हवेचा झोत चेहऱ्यावर आला आणि दचकून त्याने मोठा श्वास आत घेतला. मग एक बारीकसा तडा गेल्याचा आवाज झाला आणि सगळं थांबलं.

तेलाच्या, जळक्या लोखंडाच्या त्या जागेत ओव्याचा वास भरून राहिला होता.

आतल्या टेबलावरून अकबरभाईंनी हाक दिली. "अजिम, कोण बाई आलीये बघ रे... खोकतेय बिचारी. पाणी दे तिला."

शटरपाशी कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अजिम पुनावळ्याला गेला तेव्हा त्याला रडू येत होतं. काय झालं ते त्याने दारातच सांगून टाकलं. हिंदुराव ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बासरी घेतली, तडा गेलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि ती फळीवर ठेवली. मग सतरंजीवर बसून स्वतःची बासरी फुंकली. सूर संपला. दोघंही फळीकडे बघत राहिले. खोलीत नव्या रंगाचा वास होता आणि हायवेवरच्या गाड्यांचा आवाज येत होता. दुसरं काही आलं नाही.

त्यांनी पुन्हा फुंकलं. आणि पुन्हा.

शेवटी बासरी मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, "प्रेशर किती होतं?"

"सहा किलो, काका."

"सहा किलो," ते म्हणाले. "तिला जिना चढला तरी दम लागायचा रे..."

अजिमने त्यांचे पाय धरले. त्यांनी त्याला उठवलं, चहा करून दिला. तुझं काही चुकलं नाही, असंही म्हणाले. हातात जॉब आला की हवा मारायची, हे आपणच जन्मभर पोरांना शिकवत आलो; आता कुणाला बोल लावायचा? हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की अजिमने चहा तसाच खाली ठेवला. माफ केलेलं माणसाला कधीकधी शिक्षेपेक्षा जास्त लागतं. पुढच्या गुरुवारी तो गेला, तेव्हा कौशल्याबाईंच्या फोटोला चंदनाचा हार घातलेला होता.

खरं तर त्याला जायचंच नव्हतं. पण न जाणं म्हणजे पळून जाणं, असं सादिकाने बजावलं, आणि ते त्याला पटलं. म्हणून तो जात राहिला. हिंदुराव शिकवत राहिले, पण त्यांचा सूर आता आखूड झाला होता. घासही कमी झाला होता. शेजारच्या बाई डबा देत, तो दुसऱ्या दिवशी तसाच परत जाई. आपण या माणसाच्या घरातून एक जिवंत माणूस उडवून लावलं, ही गोष्ट अजिमच्या मनातून जाईना. नमाजाला बसला तरी तो तेवढंच मागायचा. तिला परत येऊ दे. कसंही.

मग एका गुरुवारी सोसायटीत आल्यावर तो लिफ्टसमोर थांबला. दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं. त्याला आत पाय टाकवेना. का, ते त्याला कळलं नाही. तो जिन्याने निघाला. दुसऱ्या मजल्यावर त्याचा दम संपला. त्याने भिंतीला हात टेकवला. श्वास जागेवर आल्यावर त्याने पाहिलं, हात बरोबर त्या तेलकट डागावर होता. डाग त्याच्या छातीपेक्षाही खाली होता, आणि तिथे हात टेकवायला तो कमरेत वाकला होता.

वर सतरंजीवर दोघं समोरासमोर बसले. हिंदुरावांनी रो धरला, अजिमनेही धरला. म्हाताऱ्याचा सूर लवकर संपला. अजिमचा चालूच राहिला. एवढा लांब श्वास त्याच्यात आजारपणाआधीही नव्हता. त्याला थांबायचं होतं, ओठ काढून घ्यायचे होते. पण सूर आपला हलका होत, शेवट लांबवत राहिला. संपला तेव्हा त्याला खोकल्याची उबळ आली. बारीक, कोरडी.

हिंदुराव हललेसुद्धा नाहीत. मग अगदी हळू विचारलं, "ओवा खाल्लास का रे?"

"नाही, काका..."

"न्हाई?"

"नाही."

त्यांचे डोळे भरून आले. अजिमने इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता. ते उठले, भिंतीचा आधार घेत आत गेले आणि बऱ्याच वेळाने त्यांनी चहा आणला. नेहमीच्या काचेच्या कपातला नव्हता तो. कडेला टवका उडालेल्या, निळ्या फुलांच्या एका कपात होता. त्या दिवशी हिंदुराव शेजाऱ्यांकडून आलेला डबा पोटभर जेवले. अजिम निघाला तेव्हा त्यांनी त्याच्या मनगटाला धरलं आणि म्हणाले, "अजून थोडं थांब की."

तो थांबला. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

आता तो दर गुरुवारी थांबतो. सादिका विचारते, इतका उशीर का, आणि आताशा तुम्हाला जिन्यावर एवढी धाप का लागते, बासरी शिकून तर बरे झाला होतात. वर्कशॉपमध्ये एअर गन त्याला हातात धरवत नाही. हवेचा आवाज झाला की तो दूर जाऊन उभा राहतो, आणि अकबरभाई त्याच्याकडे काळजीने बघतात.

हिंदुराव मात्र सुधारले आहेत. गालावर मांस आलंय, सूरही लांबलाय. मागच्या गुरुवारी अजिम वाकून, भिंतीला हात टेकत, धापा टाकत वर पोचला तेव्हा दार आधीच उघडं होतं. सतरंजी अंथरलेली होती आणि निळ्या फुलांचा कप भरून ठेवलेला होता.

भिंतीवरच्या फोटोचा हार काढून टाकलेला होता.