डबी कोण धरणार?

माझा हात स्थिर आहे, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाई म्हणूनच सांगते. आयुष्यभर मी डोळ्यांची ऑपरेशन्स केली. लोक त्याचं श्रेय माझ्या डिग्रीला देतात, मी ते दादाच्या कॉम्प्युटरला देते.

चपट्या बटणांचा तो कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा आणि खेळ कॅसेटवरून चढवायचा. त्याच्या पाठीला मेमरीची एक काळी डबी खोचलेली असे. ती जरा हलली की पडदा पांढराफटक आणि सगळ्या मेहनतीवर पाणी. म्हणून आमच्याकडे रीतच होती: दादा खेळणार, मी डबी धरणार. अंगठा वर, बोट खाली, श्वाससुद्धा बेताने. खेळणाऱ्याचं कौतुक सगळे करायचे, पण खेळ उभा होता तो माझ्या दोन बोटांवर.

खेळ दादाने स्वतः लिहिला होता, आमच्याच घराचा. एक ठिपका खोल्याखोल्यांतून किल्ल्या गोळा करायचा. आई म्हणजे एक चांदणी. तिने गाठलं की ठिपक्याची रवानगी अभ्यासाला, खेळ खलास.

"शेवटच्या खोलीत तू खेळायचंस," दादा म्हणायचा. "तिथे डबी मी धरणार."

पण तिथे पोचायच्या आत खरी आई येऊन टीव्ही बंद करायची. मग आम्ही मोठे झालो आणि कॉम्प्युटर खोक्यात गेला.

दादा गेल्या वर्षी गेला. परवा त्याच्या मुलीने ते खोकं उघडलं आणि मला बोलावून घेतलं.

"आत्या, बाबांचा खेळ मला शेवटपर्यंत बघायचाय. डबी धरणं तुझ्याशिवाय कुणाला जमणार?"

मला नाही म्हणायचं होतं. काही महिन्यांपासून माझा उजवा हात थरथरतो. ऑपरेशन्स बंद केलीत, पण कारण कुणाला सांगितलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय दादाच्या लेकीसमोर हार मानायची, तीही डबी धरण्यात?

"सरक," मी म्हटलं आणि टेबलापाशी खुर्ची ओढली.

दुपारचं ऊन टीव्हीवर येत होतं, म्हणून तिने खिडकीचे पडदे ओढले. कॅसेट किंचाळली, थांबली, आणि आमचं घर पडद्यावर उभं राहिलं. स्वयंपाकघर. जिना. न्हाणीघराचं न लागणारं दार. भाची हसत सुटली. तिचा हात थेट बापासारखा चालत होता, आणि माझा ऊर भरून आला.

जिन्यावर चांदणी मागे लागली तेव्हा माझा अंगठा थरथरायला लागला. मग मनगट. आता गेलं सगळं, असं वाटून मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा खेळ चालूच होता. ठिपका शेवटच्या दारापाशी पोचला होता.

आहे अजून हातात दम, असं मला वाटलं. फार अभिमान वाटला.

"आत्या, आता तू खेळ. बाबा म्हणायचे, ही खोली तुझी."

"वेडी आहेस का? डबी कोण धरणार?"

भाचीने बटणांवरून हात उचलले. ती माझ्या मांडीकडे बघत होती.

माझे दोन्ही हात मांडीवर होते. एकमेकांत घट्ट गुंतवलेले.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"जिन्यापासून."

टेबलामागे फक्त भिंत होती. डबीखाली काहीच नव्हतं. तरी ती तसूभरही हलत नव्हती.

मी बटणांवर बोटं ठेवली. ती थरथरत नव्हती.

दार उघडलं. खोलीत एक टेबल होतं. टेबलाच्या अलीकडे माझा ठिपका, पलीकडे आणखी एक. माझा मी नेईन तसा जात होता. पलीकडचा जागचा हलत नव्हता.

मी शेवटची किल्ली उचलली. भाचीने टाळी वाजवली आणि तिला रडू फुटलं. जिंकले होते मी. दादाच्या खेळात, दादाच्या लेकीसमोर.

पडद्यावरचं चित्र मात्र स्थिर होतं. बराच वेळ.

शेवटी मी भिंतीकडे बघून हळूच म्हटलं, "दादा, झालं रे. सोड आता."

डबी किंचित डुगडुगली आणि पडदा पांढरा झाला.