शेवटचं गाणं आधी लावलं तर

खोटं वाटलं तर वाटू दे, पण हे माझ्या सख्ख्या चुलतभावासोबत घडलंय. आणि रात्री-बित्री नाही हं! भर दुपारी, शुक्रवारी, भिवंडीत धामणकर नाक्यामागच्या आमच्या बंद कारखान्यात.

तिथले कापड विणायचे लूम कधीच भंगारात गेले. जमिनीत फक्त बोल्टांची भोकं उरलीयत.

दीपेशदादा आणि त्याचा जिगरी विपुल तिथेच रॉक वाजवायचे. रेकॉर्डिंग फक्त शुक्रवारी. त्या दिवशी अख्ख्या गल्लीतले लूम बंद. एरवी त्या खटखटीपुढे गिटार कोण ऐकणार?

अल्बम झाला. फक्त गाण्यांचा क्रम ठरायचा होता.

"धिंगाण्याने सुरू करायचं," विपुल म्हणायचा, "मग उतरवत न्यायचं. 'उसवण' शेवटी. नंतर नुसती शांतता."

"लोक रडत घरी जातील, येड्या!"

"जाऊ दे की."

पडघ्याजवळ बाईकच्या अपघातात विपुलच गेला...

त्याची आई, कमळकाकू, दादाला म्हणाली, "माझ्या पोराचा आवाज येकदा ऐकव रं. मंग काय मागनार न्हाय."

तिला रडत पाठवायला दादाचं मन धजेना. त्याने 'उसवण' आधी घेतलं, धिंगाणा शेवटी.

शुक्रवारी काकू कारखान्यात आली. दादाने लावलं.

गिटार आली. ड्रम्स आले.

विपुलचा आवाज... नाही.

पुढच्या गाण्यातही नाही.

दादाने वायरी तपासल्या, सगळं नीट होतं. शेवटी त्याने विपुलचा क्रम लावला.

आणि विपुल गायला लागला!

काकूने पदर तोंडात कोंबला.

पण दोन गाण्यांमधल्या शांततेत... खट्... खट्... एकच लूम चालत होता.

'उसवण' संपलं. लूम थांबला. पावलं वाजत दारापर्यंत गेली...

दारात कुणीच नव्हतं.

"परत लाव," काकू म्हणाली.

परत लावलं. आवाज जरा बारीक झाला होता.

मग दर शुक्रवारी काकू यायची. दर वेळी आवाज आणखी विरलेला.

"काकू, बास. संपेल गं तो."

"न लावून तरी कुठं उरलाय?"

मागच्या महिन्यात आवाज आलाच नाही. काकू मात्र डोळे मिटून डोलत होती. पावलं वाजली, तशी ती उठली.

"थांब रं बाळा, मीपन येते."

जिवंत आहे ती. जेवते, झोपते. पण त्या दुपारपासून तिच्या तोंडून शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे.

दादाने घरी 'उसवण' ऐकलं. विपुल पुन्हा स्पष्ट गात होता.

आणि त्याच्यामागे... एक बाई गुणगुणत होती.

घाबरून त्याने क्रम बदलला. दोघंही गायब. विपुलचा क्रम परत लावला. दोघं आले... पण बारीक.

त्यानंतर दादाने अल्बमचा लॅपटॉप आमच्या कपाटात टाकलाय. हात लावत नाही.

आज शुक्रवार आहे. गल्ली गप्प आहे.

काकू सकाळपासून आमच्या दारात उभी आहे. कपाटाकडे बोट दाखवून खूण करतेय...

लाव.