पट्टीला पायलटाची ओळख

कॅप्टन मोहनरावांचं एक ठाम मत होतं आणि ते ऐकल्याशिवाय बारामतीच्या धावपट्टीवर कुणाला चहा मिळत नसे. ओळखीच्या विमानतळावर उतरणं जास्त सुरक्षित, ही त्यांच्या मते भाबडी समजूत होती. उलट ओळख झाली की वैमानिक सैलावतो, समोरच्या यंत्रांच्या काट्यांकडे बघायचं सोडून खाली कुणाचं घर कुठंय ते शोधत बसतो. पंचवीस वर्षं विमानं उडवून निवृत्त झाल्यावर ते इथल्या नव्या उड्डाणशाळेत शिकवायला आले होते, त्यामुळे त्यांच्याशी हुज्जत घालायची कुणाची टाप नव्हती.

अपवाद फक्त राखणदार सोनबाचा. विमान उतरायच्या आधी पट्टीवरच्या शेळ्या हाकलणं हे त्याचं काम, आणि उरलेल्या वेळात साहेबांना डिवचणं हा त्याचा छंद.

"सायेब, पायलटाला पट्टीची वळख हाय का, त्ये ऱ्हाऊ द्या. पट्टीला पायलटाची वळख हाय का, त्ये इचारा की."

"अरे, डांबराची पट्टी ती. तिला काय डोळे आहेत?"

"न्हाईत. म्हणून तर पाय दावायचा."

सोनबा कळस गावचा. त्याच्या घरी नवा बैल आणला की पहिल्या दिवशी जुंपत नसत, बांधाबांधानं सगळं वावर फिरवून आणत. तीच रीत त्यानं इथं सुरू केली होती. ज्या दिवशी नव्या पोरानं पहिल्यांदा एकट्यानं विमान न्यायचं, त्या दिवशी सकाळी त्यानं पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालायची. पोरं खिदळत चालायची. मोहनराव म्हणायचे, होऊ दे, तेवढाच व्यायाम.

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात ज्योत्स्नाची पाळी आली. ती जळोचीची. धावपट्टीपासून घर हाकेच्या अंतरावर, लहानपणी याच माळावर बोरं वेचलेली, त्यामुळे मोहनरावांना तिचीच धास्ती सगळ्यांत जास्त. बरोबरची पोरं एकट्यानं उडून मोकळी झाली तरी हिला त्यांनी दोन महिने अडवून धरलं होतं. "आज उतरताना डोळे काट्यांवरून हलले, तर पुन्हा एकटीला पाठवणार नाही. घरी बसायचं," असं त्यांनी तोंडावर सांगितलं. ती "हो सर" म्हणाली आणि बूट काढून चालायला गेली.

परतली तेव्हा तळवे काळेकुट्ट झाले होते.

"काय म्हणते पट्टी?" मोहनरावांनी थट्टेनं विचारलं.

"गार लागली सर. एवढं ऊन चढलंय तरी." ती जरा घुटमळली. "आणि मी पाऊल टेकलं की खालूनही कुणीतरी पाऊल लावतंय, असं वाटत होतं."

"पाणी पी," मोहनराव म्हणाले.

कुंपणाबाहेर तोवर अर्धी जळोची लोटली होती. ज्योत्स्नाचे वडील, बुद्धघोष गुरुजी, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून येईल त्याला 'जय भीम' घालत होते आणि हातावर पेढा ठेवत होते. हलगीवाले आले होते. सत्कारासाठी मांडव घातला होता, लाऊडस्पीकर आला होता, तो गुरुजींनी पहाटेच ऑफिसात जोडून तपासूनही ठेवला होता. इंदापूरची आत्या तेवढी यायची होती. तिची एसटी चुकली, तिच्यासाठी थांबता थांबता सकाळची वेळ टळली आणि उड्डाणाला दुपारचे चार वाजले. एरवी मिनिटाला जपणारे मोहनरावही थांबले. एवढा आनंद त्यांनी कुठल्याच विमानतळावर पाहिला नव्हता, तो मोडवेना.

विमान उचललं तेव्हा कुंपणापाशी जो गलका झाला, तो थेट कारखान्यापर्यंत गेला असेल. आत्या रडायलाच लागली. ज्योत्स्नानं सुरेख वळण घेतलं, कालव्यावरून, उसावरून ती पूर्वेला गेली आणि उतरण्यासाठी फिरली.

तेवढ्यात पश्चिमेकडून धूळ आली.

मे महिन्यातली वावटळ काही नवी नव्हती. पण ही चढत चढत आली आणि बघता बघता तिनं माळ, पट्टी, शेळ्या, सगळं गिळलं. हाताच्या अंतरावरचं कुंपण दिसेना. मोहनरावांनी वॉकीटॉकी तोंडाशी धरला. ज्योत्स्नाला वर ठेवायला हवं होतं, घिरट्या घालत थांब म्हणून सांगायला हवं होतं.

बटण दाबलं. दिवा लागला नाही.

पुन्हा दाबलं. नाहीच.

गुरुजींचा चेहरा उतरला. "सर, पहाटे चार्जरची पिन मी काढली. लाऊडस्पीकरला जागा नव्हती. परत लावायची राहिली."

विमानातला मोठा रेडिओ तिच्यापाशी, आणि तिच्याशी बोलणारं इथं हे एकच यंत्र. ते मेलं होतं. आपण हिला पाठवायला नको होतं, एवढंच मोहनरावांच्या मनात फिरत राहिलं.

सोनबा त्यांना खेटून उभा होता. "घाबरू नगा सायेब. तिची वळख झालीया."

धुळीत इंजिनाचा आवाज आला.

खाली येत होता. वर जात नव्हता.

एका लयीत, जराही न चाचरता तो खाली येत होता.

मग आवाज मंदावला.

हलगीवाल्यांचे हात थांबले होते.

चाकं डांबराला घासल्याचा बारीक चीत्कार झाला. एकदाच. धूळ फाटली आणि विमान बाहेर आलं. पुढचं चाक पट्टीच्या मधल्या पांढऱ्या रेघेवर होतं, बोटभरही इकडंतिकडं नाही.

मग काय विचारता! हलगी तुटेस्तोवर वाजली. गुरुजी धावताना दोनदा पडले. आत्यानं भाचीला आणि चुकून मोहनरावांनाही कवटाळलं. मोहनरावांना हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. आपण किती सुखी आहोत, हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ कळलं.

"सर, थँक्यू," ज्योत्स्ना म्हणाली. "तुम्ही बोलत राहिलात म्हणून आले. नाहीतर मला काहीसुद्धा दिसत नव्हतं."

मोहनरावांनी हातातलं यंत्र पाठीमागं घेतलं. "काय बोललो मी?"

"'जरा डावीकडं घे बाय. हितं उंचवटा हाय. आता सोड.'" ती हसली. "आमच्यासारखं बोलत होतात सर. धुळीमुळे आवाज जाड येत होता."

मोहनरावांनी सोनबाकडे पाहिलं. तो सगळा वेळ त्यांना खेटून उभा होता. त्यानं नाही अशी मान हलवली आणि पेढा तोंडात टाकला.

"आणखी?"

"चाकं टेकली तेव्हा म्हणालात, 'भिऊ नगं. म्या धरलंय.'"

वारा अजून तसाच होता. मांडवाचं कापड फाटलं, फेटे उडाले. असल्या वाऱ्यात एवढंसं विमान उघड्यावर ठेवलं तर उलटायचं, म्हणून मोहनरावांनी चार पोरांना हाक मारली. आत चढून ब्रेक सोडलेला असल्याची स्वतः खात्री केली. विमान शेडमध्ये ढकलायला सगळ्यांनी मिळून जोर लावला.

विमान हललं नाही. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर ताठ आडवी झाली होती आणि विमानाचा पंख साधा थरथरतही नव्हता.

"पुन्हा," मोहनराव म्हणाले. पुन्हा जोर लावला. दमून पोरं बाजूला झाली, लाऊडस्पीकरकडे पळाली.

जरा वेळानं वारा पडला. वाऱ्याची पिशवी खाली लोंबली. मोहनराव विमानापासून चार पावलांवर एकटेच उभे होते. तेव्हा, कुणाचाही हात लागलेला नसताना, धरलेलं कुणी सोडावं तसं विमान सावकाश वीतभर पुढं सरकलं.