तारे खाणारा कंदील

कंदील विझवण्यात बुरुलला मिळणार होतं काय? जेमतेम अर्धा तास, एका माणसाच्या शेजारी. वडील पाय मोडून खाली गावात अंथरुणाला खिळले, तेव्हापासून डोंगरावरच्या सोन-कुल तलावाकाठच्या उन्हाळी कुरणावर ती, शंभर मेंढ्या आणि जाड लोकरी नमद्याचा तंबू, एवढाच संसार. त्यात एर्मेक वाट चुकून दारात उभा राहिला. ताऱ्यांचे फोटो काढायला शहरातून आलेला, ओठ थंडीने निळे. एका रात्रीचा मुक्काम चौथ्या रात्रीवर गेला होता.

"तुझा कंदील माझे तारे खातो."

"तो नसला तर लांडगे माझ्या मेंढ्या खातील. तारे काय, उद्या पुन्हा उगवतील."

"अर्धाच तास शटर उघडं ठेवायचंय. मेंढ्या मी राखतो ना!"

"तू? काल कोकराला घाबरून पळालास!"

"ते... अंगावर आलं होतं."

ती हसली. स्वतःचं हसू किती दिवसांनी कानावर पडत होतं! तिने वात खाली करून कंदील विझवला.

तलाव कुठे संपला नि आकाश कुठे लागलं, कळेना. एकाच पांघरुणात दोघं. त्याचा हात जवळ आला... थबकला... उरलेलं बोटभर अंतर तिनेच संपवलं.

या सगळ्यात ती एक गोष्ट विसरली. कुरणावर कुणाचा कंदील विझला, की त्याच्यावर संकट आलं असं धरून शेजारी धावतात. पलीकडच्या काठावरून म्हातारे सादीरकाका दोन मुलांसह घोडे फेकत आले. बॅटरीचा झोत थेट पांघरुणावर.

"लांडगा कुठंय?... अगं पोरी, हा कोण?"

उत्तर एर्मेकने द्यायचं होतं. त्याने तोंड उघडलं... आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"पाहुणा आहे, काका," शेवटी तीच म्हणाली. "फोटो काढतो."

"अंधारात?"

"त्याचे अंधारातच निघतात."

सकाळी सामान बांधताना तो पुटपुटला, "माझा जीव जडलाय गं तुझ्यावर... रात्री बोलायला हवं होतं मी."

"हवं होतं."

"पुढच्या अमावस्येला येतो. नक्की!"

तोवर इथे बर्फ पडतं, तंबू मोडून सगळे खाली उतरतात. ती हे बोलली नाही. "ये," म्हणाली, आणि त्याच्या पिशवीत रोटी घातली.

त्याचा एक फोटो बिघडला, काकांची एक झोप गेली. दोन्ही भरून निघण्यासारखं. बुरुल उतरायच्या आधीच तिची गोष्ट खाली गावात पोहोचणार होती, आणि गोष्टीतल्या दोघांपैकी तिथे राहायला ती एकटीच जाणार होती.